दिव्यांग मूल आणि घरातले सण-संस्कार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत आमचा पालकांचा एक लहानसा गट आहे. महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो, एरवी मोबाइलवर निरोप चालू असतात. विट्यापासून कराडपर्यंतचे आईबाप, आज्या, एखादी मावशी विचारत असतात. गोळ्यांचं, व्यायामाचं डॉक्टरांना विचारता येतं. 'गौरीच्या जेवणाला पोराला पंगतीत बसवू का' हे डॉक्टरांना कोण विचारणार? श्रावण लागला की तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. मी गुरुजी नाही आणि डॉक्टरही नाही. सीपी (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाची आई आहे. घरागणिक चाल वेगळी असते, तेव्हा तुमच्या घरचं तुम्ही जुळवून घ्या.

१. आमचा मुलगा मतिमंद आहे. त्याला पूजेला बसवलं तर चालतं का? पूजेत काही उणं राहत नाही ना?

चालतं. उणं राहिलं तर काय करायचं याची सोय पूजेनेच करून ठेवली आहे. संकल्पात गुरुजी 'यथाज्ञानेन यथामिलितोपचारद्रव्यैः' म्हणतात. म्हणजे जेवढं कळतं तेवढ्याने आणि जे साहित्य मिळालं त्याने. दागिने नसले की 'अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि' म्हणून चार तांदूळ वाहतात, आणि देवाने ते कधी परत केल्याचं ऐकिवात नाही. सत्यनारायणाला यजमान पळीने पाणी सोडतो, बायको त्याच्या हाताला हात लावून बसते, आणि पूजा दोघांची होते. मुलाला पळी धरता येत नसेल तर त्याचा हात तुमच्या हाताला लावा. ही पळवाट नव्हे. गुरुजी दर पूजेत 'हाताला हात लावा' म्हणतात तीच ही रीत.

२. पण त्याला काही कळतच नाही. मग बसवून उपयोग काय? सासूबाई म्हणतात, कशाला दमवता त्याला.

बारशाला बारा दिवसांच्या बाळाला काय कळतं? उष्टावणाला, जावळाला? आपले निम्मे संस्कार न कळण्याच्या वयातच होतात आणि तेव्हा हा प्रश्न कुणी काढत नाही. तो फक्त आपल्या मुलांच्या वाट्याला येतो.

दुसरं असं की 'कळत नाही' आणि 'बोलता येत नाही' यांची आपण फार लवकर गल्लत करतो. माझा मुलगा दर विसर्जनाला आकांत करायचा. ढोलताशाला घाबरतो, असं आम्ही धरून चाललो होतो. नवव्या वर्षी तो चित्रांच्या पाटीवर बोट ठेवून बोलायला लागला. त्या वर्षी त्याने गणपतीच्या चित्रावर बोट ठेवलं, मग दाराच्या चित्रावर, मग 'नको'वर. आवाजाशी त्याचं काही भांडण नव्हतंच. आता मूर्ती आम्ही घरी बादलीत विसर्जित करतो. माती विरघळेपर्यंत तो शेजारी बसतो, आणि ती माती तुळशीला जाते हे त्याने पाहिलेलं आहे.

दमण्याबद्दल मात्र सासूबाईंचं खरं आहे. दोन तासांच्या पूजेत दहा मिनिटं बसला तरी तो बसलाच.

३. त्याला नेमकं काय करायला द्यायचं? बसवून ठेवलं की कंटाळून किंचाळतो.

आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर जरा लांब आहे.

गावच्या पालखीत मान असतात. अब्दागिरी एका घराची, नारळ दुसऱ्याचा, बेंदराला वेशीतून पहिला बैल तिसऱ्याचा. मानकरी आल्याशिवाय पालखी हलत नाही. घरातही मुलाला असा एक मान द्या, आणि तो खरा असू द्या. त्याने ते काम केल्याशिवाय पुढचं अडलं पाहिजे. ताटातली फुलं उगाच इकडून तिकडे करायला दिली तर त्यालाही ते कळतं.

आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा. तळी भरताना पाच जणांचे हात ताम्हणाला लागतात. पाचवा हात माझ्या मुलाचा असतो. खुर्चीतून वाकता येत नाही म्हणून ताम्हण त्याच्या मांडीच्या उंचीवर धरतो आणि बाकीचे चौघे वाकतो. 'येळकोट येळकोट' झालं की 'जय मल्हार'चा आवाज त्याचा. शब्द स्पष्ट नसतात, पण जोर सगळ्यांहून जास्त असतो. भंडारा मात्र डोक्यावर उधळू देत नाही. डोळ्यांत जातो आणि त्याला हाताने चोळता येत नाही. कपाळाला लावतो.

गटातल्या घरांमधून जमा झालेली आणखी काही कामं सांगते. हात थरथरणाऱ्या मुलीच्या घंटेच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, आता तिची पकड सुटत नाही. एका मुलाच्या मनगटालाच लहान घंटा बांधतात. दृष्टिहीन मुलीकडे हरितालिकेची आणि गणपतीची पत्री निवडण्याचं काम आहे. तुळस, बेल, मरवा, आघाडा ती वासाने आणि पानाच्या काठाने ओळखते, आणि घरातल्या डोळसांचा आघाडा चुकतो तेव्हा तीच सांगते. मोजता येणाऱ्याने दुर्वांच्या एकवीसच्या जुड्या कराव्यात. मोजता न येणाऱ्याला एकवीस खळगे केलेला पुठ्ठा द्या. एका खळग्यात एक दुर्वा ठेवली की जुडी तयार. न बोलणाऱ्या मुलासाठी आवाज भरून ठेवता येणारं बटण मिळतं. 'जय देव जय देव' त्यात बहिणीच्या आवाजात भरा. आरतीत ती जागा आली की सगळे थांबतात, तो बटण दाबतो. दसऱ्याला थोरामोठ्यांना सोनं वाटणं, बेंदराला बैलाच्या शिंगांना रंग लावणं (बैल ओळखीचा हवा), दिवाळीत किल्ल्याची माती कालवणं ही कामंही आहेतच.

काम दरवर्षी तेच ठेवा. आपल्याला कंटाळा येतो, मुलांना तोचतोचपणाचा आधार वाटतो.

४. आरती सुरू झाली की स्वमग्न मुलगी कान झाकून पळते. गणपतीच्या दहा दिवसांत आमचे हाल होतात.

पळू द्या, पण कुठे पळायचं ते आधी ठरवून ठेवा. आतल्या खोलीत तिची चटई, तिचं पांघरूण, दार लोटलेलं. आरती संपली की ताट तिच्याकडे न्यायचं. आरती घ्यायला ती देवापुढेच असली पाहिजे असं नाही. आजारी माणसाला आपण आरती अंथरुणावर नेऊन देतोच की.

घरातल्या घरात झांजा बंद करून फक्त टाळ्या ठेवल्या तर पुष्कळ मुलं टिकतात. कान झाकणारे जाड हेडफोन मिळतात. ते मात्र सणाच्या आधी महिनाभर रोज थोडा वेळ घालायची सवय लागते. ऐनवेळी चढवले तर फेकून देतात. दिवसाचा क्रम फोटोंनी दाखवणारी पट्टी भिंतीवर लावा: अंघोळ, नवा फ्रॉक, पाहुणे, आरती, मोदक. नव्या कपड्याचा लेबल आणि जर टोचतो, तेव्हा आत जुना मऊ सुती बनियन घाला. उटणं हलक्या हाताने लावलं की ओरडणारी कित्येक मुलं घट्ट चोळलं तर शांत होतात, तेही करून पाहा.

मंडळाच्या आवाजाबद्दल: रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद, हा २००० सालच्या नियमांतला दंडक आहे. सणासाठी सरकार ठरावीक दिवस बारापर्यंत सूट देतं. तक्रार करण्याआधी मुलीला घेऊन मंडळाच्या पोरांना भेटा. आमच्या गल्लीत त्याने काम झालं. सगळीकडे होईलच असं नाही.

५. मुलीला ऐकू येत नाही. कहाणी, आरती तिच्यापर्यंत कशी पोचवू?

ढोलकीवर किंवा पेटीवर तिचा तळहात ठेवू द्या, ताल हातातून कळतो. कहाणीची चित्रं काढा. शुक्रवारच्या कहाणीतली जिवतीच्या कागदावरची चित्रं घराघरात असतातच, तिथून सुरुवात करता येते. खरी अडचण खुणांची असते. मुलगी शाळेत खुणांची भाषा शिकते आणि घरात ती कुणाला येत नाही. मग सणाला वीस माणसांच्या घोळक्यात ती एकटी असते. या गौरीला घरातल्या प्रत्येकाने दहा खुणा शिकायच्या, असं ठरवा. शिकवणारी ती. तिचा मान (प्रश्न ३) तोच.

६. तीर्थ-प्रसाद गिळताना ठसका लागतो. प्रसाद नाकारायचा का? आणि उपवासाचं काय?

गिळायला त्रास असलेल्या मुलांना पातळ पदार्थ जास्त धोक्याचे असतात. पाणी झटकन श्वासनलिकेकडे जातं. म्हणून मान मागे टाकून वरून तीर्थ ओतू नका. ताठ बसवा आणि बोट तीर्थात बुडवून ओठाला लावा. फुटाणे, शेंगदाणे, कोरडी बुंदी, नारळाचा तुकडा नको. मऊ केळं, शिरा, कुस्करलेला मोदक डॉक्टरांनी घालून दिलेल्या घट्टपणाचा असेल तर द्या. नाकातून नळी असलेल्या मुलाच्या कपाळाला प्रसाद लावतात, तोही प्रसादच.

कापूर मुलांच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेला तर आकडी येऊ शकते, निरोगी मुलालाही.

उपवास: फिट्सची गोळी कुठल्याही व्रतासाठी चुकवायची नाही, पुढेही ढकलायची नाही. मुलाला घरच्यांसारखा उपवास 'करायचाच' असेल तर सकाळी गोळी आणि नेहमीचा नाश्ता, दुपारी सगळ्यांसोबत वरईचा भात. त्याची एकादशी झाली.

७. पायात कॅलिपर (पायाला आधार देणारा सांगाडा) आहे, त्याला चामड्याचे पट्टे आणि बूट आहेत. देवळात अडवलं. व्हीलचेअरलाही 'चाकं बाहेरून आलीत' म्हणाले.

कॅलिपर काढला तर मूल उभंच राहणार नाही, म्हणजे ते पादत्राण नसून पायच आहे. वाद घालण्यापेक्षा सोपा मार्ग असा: कॅलिपरवरून स्वच्छ धुतलेले मोठे पायमोजे चढवायचे आणि खुर्चीची चाकं पायरीपाशी ओल्या फडक्याने पुसायची. पुसताना बघणारे लोक निम्म्या वेळा स्वतःच पुढे येऊन खुर्ची उचलतात. शक्य असेल तर पट्टे चामड्याऐवजी नायलॉनचे करून घ्या.

तरीही अडवलं तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आठवण करून द्या. लोकांची ये-जा असलेल्या सार्वजनिक इमारतींच्या व्याख्येत त्याने धार्मिक कामाच्या इमारतीही धरल्या आहेत, आणि त्या सुगम करणं बंधनकारक आहे. विश्वस्तांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

जागा निवडताना: सांगलीचं गणपती मंदिर सपाटीवर, प्रशस्त आवाराचं आहे, म्हणून पहिल्यांदा नेताना बरं. मंगळवार आणि संकष्टी टाळा. सज्जनगडावर गाडी वरपर्यंत गेली तरी पुढे पायऱ्या आहेतच, उचलायला दोन दणकट माणसं न्या. मांढरदेवीला ऐन पौष पौर्णिमेच्या जत्रेत मुलांना नेऊ नका. २००५ ची चेंगराचेंगरी आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. इतर दिवशी देवी तीच असते.

८. जावळ, कान टोचणं, बोरन्हाण राहून गेलं. आता चार वर्षांनी केलं तर?

करा. मूल दवाखान्यात होतं, ही कुठल्याही गुरुजींना पटणारी सबब आहे. काळजी एवढीच: डोक्यात साठणारं पाणी काढण्यासाठी नळी (शंट) बसवली असेल किंवा कानामागे ऐकू येण्यासाठीचं इम्प्लांट असेल तर न्हाव्याला ती जागा बोटाने दाखवा, तिथे वस्तरा नको, कात्री चालवा. एक-दोन बटा कापल्या तरी जावळ होतं. रक्त लवकर न थांबणाऱ्या मुलाचे कान डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचू नका. बोरन्हाणात सीपीचं मूल डोक्यावर काही पडलं की दचकून ताठ होतं. समोरून, त्याला दिसेल असं, मांडीत ओता. बोरांऐवजी चुरमुरे जास्त घ्या.

९. मुंज करायची आहे, पण मुलगा बोलत नाही. गुरुजी म्हणाले, गायत्री म्हणता येत नसेल तर मुंज कसली. खरं आहे का?

गुरुजींनी पदरचं काही सांगितलं नाही, पण अर्धंच सांगितलं. धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत मुक्या, बहिऱ्या, पांगळ्या मुलांच्या मुंजीची चर्चा आहे. अशांचे संस्कार नकोत म्हणणारं मत तिथे आहे. संस्कार करावेत आणि मुलाने म्हणायचे मंत्र आचार्याने म्हणावेत, असं मतही आहे. दुसरं मत धरणारे गुरुजी शोधा. मिळतात, आमच्या गटातल्या दोन मुंजी अशाच झाल्या.

त्यातली एक सांगते. मुलगा अकरा वर्षांचा, बोलणं नाही, अंगावर वस्त्र पडलं की घाबरतो. आणि गायत्रीचा उपदेश तर उपरण्याखाली द्यायचा. बापाने दोन महिने रोज संध्याकाळी उपरण्याखाली त्याच्यासोबत बसून मोबाइलवर गाड्यांची चित्रं पाहिली. मुंजीच्या दिवशी उपरणं पडल्यावर पोरगं गाड्यांची वाट पाहत शांत बसलं आणि बापाने कानात मंत्र सांगितला. मुलाने बापाच्या गळ्यावर हात ठेवला होता, आवाज कुठून येतो ते बघायला. होमाच्या धुराने दमा उठू नये म्हणून समिधा कमी आणि पंखा उलट्या दिशेने, एवढाच बदल. मातृभोजनात आईने भरवलं. ती तर त्याला रोजच भरवते. पंगतीतल्या बायका तेव्हा का रडत होत्या कोण जाणे, आई हसत होती.

बहिऱ्या मुलाला मंत्र लिहून, खुणांनी किंवा तळहातावर अक्षरं गिरवून देता येतो. जिथे मुंजीची चालच नाही तिथे 'आता करून घेऊ, बुद्धी येईल' म्हणून नव्याने सुरू करण्याचं कारण नाही.

१०. मुलीला पाळी सुरू झाली. तिला 'बाजूला बसायचं' कळत नाही, देवघरात जाते. काय करू?

जाऊ द्या. तिला रोज ज्या जागी बोलावता तिथून चार दिवस हाकलणार, आणि कारण तिला कळणार नाही. आपण काहीतरी चुकलो एवढंच ती धरते. घरात पाळणारं वडीलधारं माणूस असेल तर देव्हाऱ्याला तेवढे दिवस पडदा लावा. मुलीला नव्हे, देवाला बाजूला बसवायचं. पॅड बदलणं बाहुलीवर शिकवता येतं, महिनोन्‌महिने लागतात. आणि पाळीचा त्रास म्हणून पिशवी काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलू नका.

११. लोक म्हणतात मागच्या जन्मीचं पाप, कुणी म्हणतं ग्रहणात भाजी चिरली. मनातून जात नाही.

सगळ्या आयांच्या मनातून जात नाही, म्हणून आधी तेवढं सांगते. ग्रहणात चिरलेल्या भाजीने ओठ फाटत नाही. ग्रहणं पाळलेल्या घरांतही अशी मुलं जन्मतात आणि जिथे ग्रहण माहीतच नाही त्या देशांतही. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात आपल्या शेजारच्या कलबुर्गीकडे दिव्यांग मुलांना बरं वाटावं म्हणून गळ्यापर्यंत मातीत पुरून ठेवलं होतं. समजूत वाढत गेली की ती अशी तिथवर पोचते.

पापाचं म्हणाल तर आपल्याच कथांमध्ये आठ ठिकाणी वाकडा असलेला अष्टावक्र जनकाच्या सभेत पंडितांना हरवतो. पैठणचे कूर्मदास हातपाय नसताना लोळत पंढरीला निघाले आणि वाटेत थकले तेव्हा विठ्ठल त्यांच्याकडे गेला. तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या गुलाबराव महाराजांना (१८८१–१९१५) लोक प्रज्ञाचक्षू म्हणून ओळखतात. त्यांच्या मागच्या जन्माचा हिशोब कुणी मांडत बसत नाही.

एक कारण मात्र आपल्या भागात खरंच पाहण्यासारखं आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही: मामाची नाहीतर आत्याची मुलगी करण्याची चाल. सख्ख्या आतेमामे भावंडांच्या लग्नात मुलामध्ये जन्मजात दोष येण्याची शक्यता इतरांच्या साधारण दुप्पट होते. म्हणजे तरीही बहुतेक मुलं निरोगीच होतात. पण घराण्यात एक दिव्यांग मूल असेल तर पुढची सोयरीक नात्यात करण्याआधी जनुकीय सल्ला घ्या. हे वहिनीला टोचायला वापरायचं नाही.

१२. नवस बोलू का? एक देवऋषी खात्री देतो. आणि मुलीच्या केसांत जट आली आहे.

नवस तुमचा आणि देवाचा. फक्त थेरपी थांबवून नको आणि मुलाच्या शरीराला त्रास होईल असा नको. माझ्या सासऱ्यांनी 'नातू चालला तर' असा नवस बोलला होता. तो अर्धवट लोंबकळत राहिला, आणि सासऱ्यांच्या डोळ्यांत मुलगा कायम अपुराच राहिला. मग त्यांनीच पालीला जाऊन तो सोडवून घेतला: नातू आहे, म्हणून तळी.

देवऋषी बिब्बा घालतो, चटके देतो, बांधून ठेवतो, धुरी देतो म्हणाला तर उठून या. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी उभी हयात घालवली आणि त्यांच्या हत्येनंतर तो आला, तेव्हा आपल्या भागात तरी तो ठाऊक असायला हवा.

जट म्हणजे विंचरलं न गेलेले, तेल-घामाने चिकटलेले केस. डोक्याला हात लावू न देणाऱ्या मुलींना ती हमखास येते. देवीचं बोलावणं समजून मुलीला देवाला सोडणं हा गुन्हा आहे. जट कापून काढा, केस आखूड ठेवा.

१३. धाकट्या मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत. नातेवाईक म्हणतात, थोरल्याला तेवढा वेळ मावशीकडे ठेवा.

हा प्रश्न कुणी सभेत विचारत नाही, रात्री अकराला एकटीला फोन करून विचारतात. माझं मत: ठेवू नका. नीतीचं राहू द्या, व्यवहाराचं बोलते. साखरपुड्यापर्यंत लपवलं तर लग्नानंतर कळणारच, आणि तेव्हा 'फसवलं' हा शिक्का मुलीच्या कपाळी सासरी जन्मभर राहतो. मध्यस्थालाच पहिल्या फोनवर सांगा: मुलगा असा आहे, या कारणाने आहे, हे कारण बहिणीकडून पुढे जाण्यासारखं आहे किंवा नाही. जन्मावेळी प्राणवायू कमी पडून झालेली सीपी बहिणीच्या पोटी जात नाही, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. आनुवंशिक कारण असेल तर मुलीची तपासणी तिच्या मर्जीने आधी करा. निम्मी स्थळं गळतील. गटातल्या एका घरची नऊ गेली, दहावं टिकलं.

बघण्याच्या दिवशी त्याला बळेबळे समोर बसवण्याचीही गरज नाही. तो एरवी घरात जसा असतो तसा असू द्या. आणि एक गोष्ट धाकटीला विचारा, कारण ती कुणी विचारत नाही: पुढे भावाचं किती आणि काय करायची तुझी इच्छा आहे? तिच्या सासरच्यांसमोर तिच्या वतीने तुम्ही शब्द देऊ नका.

१४. लग्न लावून दिलं की सुधारेल म्हणतात.

लग्न हे औषध नाही, आणि समोर दुसऱ्या कुणाची तरी मुलगी असते. हिंदू विवाह कायद्यात संमती देण्याची समज दोघांनाही हवी. ज्या दिव्यांग मुलामुलींना ती आहे त्यांनी जरूर करावं, सगळं सांगून. फिट्स येतात म्हणून लग्नाला कायद्याची आडकाठी होती, ती १९९९ मध्ये काढली गेली.

१५. आजोबा गेले. एकुलता नातू मतिमंद आहे. अग्नी तो देऊ शकतो का? दहाव्याला न्यावं का?

देऊ शकतो. काका किंवा जावई शेजारी उभे राहून हाताला हात लावतील (प्रश्न १), मंत्र गुरुजी म्हणतील. मडकं जड असेल तर खांद्यावर दुसऱ्याने धरावं. मुलगी किंवा नातही देते, आता साताऱ्या-सांगलीत ते नवं राहिलेलं नाही.

त्याआधी त्याला सांगायला हवं. 'आजोबा झोपलेत' म्हणू नका, मग तो झोपायला घाबरतो. 'गावाला गेलेत' म्हटलं तर रोज फाटकाशी उभा राहतो. 'आजोबा मेले. त्यांचं शरीर बंद पडलं. ते परत येणार नाहीत,' असं थोडक्यात, पुन्हा पुन्हा. घरातून माणूस नाहीसं होतं आणि हे मूल शेजाऱ्यांकडे पाठवलेलं असतं, हे मी फार ठिकाणी पाहिलं. परतल्यावर रिकामी खाट पाहून ते वर्षभर आजोबांना शोधतं.

दहाव्याला घाटावर गर्दी, धूर, रडणं असतं. त्याला झेपेल तेवढंच न्या. एका मुलाला कावळ्याची वाट पाहणं फार आवडलं. तो अजून दर अमावास्येला आजोबांसाठी घास ठेवतो.

१६. भाऊ म्हणतो, वेड्या पोराला वाटणी नसते. शास्त्रात तसंच आहे म्हणे.

मनुस्मृतीत आंधळा, बहिरा, मुका, वेडा यांना वाटा नाही असं आहे. पण लगेच पुढच्याच श्लोकात त्यांना जन्मभर अन्नवस्त्र द्यावं असंही आहे. ते भाऊ सांगत नाही. आज चालतो तो १९५६ चा हिंदू वारसा कायदा. त्याचं २८ वं कलम स्पष्ट आहे: रोग, व्यंग किंवा विद्रूपता या कारणाने कुणाचाही वारसा जात नाही. अठरा पूर्ण झाल्यावर स्वमग्नता, सीपी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे करता येतो. आईबापालाही तो करावा लागतो, अठराव्या वर्षी आपण आपोआप पालक राहत नाही. कागद प्लास्टिकमध्ये, उंच जागी ठेवा. २०१९ च्या पुरात आमचं सगळं दप्तर भिजलं, मग दिव्यांग प्रमाणपत्रापासून पुन्हा सुरुवात.

१७. वारीत किंवा जत्रेत नेता येईल का?

पूर्ण वारी नको, एक दिवस घ्या. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा साताऱ्यातून प्रवास करते. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण नावाजलेलं आहे, पण गर्दीही तशीच. खुर्चीवरच्या मुलाला मुक्कामाच्या गावी दुपारी निवांत टेकलेल्या दिंडीत न्या. वारकरी टाळ हातात देतात, कुणी काही विचारत नाही. तासगावचा गणपतीचा रथ ऋषिपंचमीला दोर लावून ओढतात. तो ओळखीच्या गच्चीवरून बघा. खिशात नाव आणि फोन नंबर असलेली चिठ्ठी, औषधं दोन जागी, गुलालापासून डोळ्यांना चष्मा.

१८. मला हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला बोलवत नाहीत. ओटी भरायला तर नाहीच.

मलाही नव्हतं. जवळच्याच एका घरी डोहाळजेवणाला गेले तर ओटीचं ताट माझ्या समोरून पुढे सरकवलं. त्यावर मला शहाणं उत्तर सुचलेलं नाही. पुढच्या संक्रांतीला मीच हळदीकुंकू केलं, गटातल्या सगळ्या आयांना बोलावलं आणि वाण मुलाच्या हातून वाटलं. ताट सरकवणारीही आली होती. तिला मी पहिलं वाण दिलं नाही, ओळीत जेव्हा आलं तेव्हा दिलं.

१९. येणारे-जाणारे 'देवाचं लेकरू' म्हणून पोराच्या पाया पडतात. हे बरंच ना?

वरच्या प्रश्नापेक्षा बरं, पण फार नाही. पाया पडून झालं की त्याच्याशी कुणी बोलत नाही. 'पाया नको, त्याला टाळी द्या' म्हणा.

२०. आणि मुलालाच हे सगळं नको असेल तर?

तर नको. नवरात्रात रोज आरतीला बसलंच पाहिजे, हा हट्ट आपण धडधाकट पोरांशी धरत नाही. ती क्लासला जातात, मित्रांकडे जातात. आपल्या मुलाला उठून जाता येत नाही म्हणून तो बसलेला असतो, याला हौस समजू नये. त्याच्या पाटीवर 'नको' हवं आणि ते मानलं गेलं पाहिजे.

यंदा माझ्या मुलाने पाडव्याच्या गुढीला 'नको' दाखवलं, क्रिकेटला 'हो'. गुढी धाकट्याने उभारली. तळीचं विचारलं तेव्हा त्याने पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही, हात आधीच पुढे केला होता.